वरचा जबडा काढल्यावर चावायचं कसं: ऑब्च्युरेटर, गालाच्या हाडातले इम्प्लांट की पायाचं हाड?

2021 च्या कोविडनंतर मामांना म्युकर (काळी बुरशी) झाला आणि डाव्या बाजूचा वरचा जबडा टाळूसकट काढावा लागला. पहिल्यांदा पोहे दिले तर दोन दाणे नाकातून बाहेर, मामी रडायलाच लागली. त्यानंतर वर्षभर आम्ही तीन पर्यायांमागे फिरलो, म्हणून हे लिहितोय, घरात कोणाचं असंच ऑपरेशन झालं असेल त्यांच्यासाठी.

ऑब्च्युरेटर म्हणजे कवळीच, पण वरच्या बाजूला एक पोकळ गोळा असतो जो टाळूच्या भोकात जाऊन बसतो. पोकळ का तर वजन कमी व्हावं, नाहीतर बोलता बोलता खाली येते. उरलेल्या दातांना तारेने धरून राहते, त्यामुळे दुसऱ्या बाजूचे दात शाबूत असतील तर छान चालते, आणि एकही दात नसेल तर तिला धरायलाच काही नाही, चावलं की एका बाजूने उचलते. ऑपरेशन परत नाही, खर्च त्यामानाने कमी (शासकीय दंत महाविद्यालयात तर खूपच), आणि काढली की डॉक्टरांना आतली जागा सरळ दिसते, बुरशी किंवा कॅन्सर परत आलाय का ते कळतं, हा फायदा आपल्या लक्षातच येत नाही. त्रास एवढाच की जखम आकसत जाते तशी ती सैल होते, म्हणून पहिली तात्पुरती असते, पक्की काही महिन्यांनी करतात, तीही पुढे रिलाइन करावी लागते, म्हणजे आतून नवा थर देऊन परत घट्ट बसवायची. आणि जेवल्यावर प्रत्येक वेळी काढून धुवायची. वास येतो हो, खोटं कशाला बोलू.

गालाच्या हाडातले म्हणजे झायगोमॅटिक इम्प्लांट. इम्प्लांट म्हणजे दात धरायला हाडात बसवायचा स्क्रू. साधा इम्प्लांट 10-12 मिमीचा, हे 30 ते 50 मिमी लांब, कारण वरचं हाडच गेलेलं असतं. पकड मजबूत, चावायला जोर येतो. पण बुरशीने गालाचं हाडही खाल्लं असेल तर विषय संपला, ते सीटी स्कॅनमध्ये कळतं. शुगर ताब्यात नसेल तरी डॉक्टर थांबायला सांगतात. अजून एक, इम्प्लांट बसवले म्हणजे भोक बंद झालं असं नाही, ते झाकायला वर प्रोस्थेसिस (कवळीसारखे कृत्रिम दात-टाळू) लागतेच, फक्त आता ती स्क्रूने किंवा इम्प्लांटना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर (बारवर) घट्ट बसते.

तिसरा पर्याय पायातलं फिब्युला हाड काढून जबडा बांधायचा, रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडायच्या. वजन पेलणारं हाड दुसरं असल्यामुळे माणूस चालू शकतो. टाळू कायमची बंद होते, नंतर त्याच हाडात इम्प्लांट बसवता येतात. पण ऑपरेशन आठ-दहा तासांचं, आणि रेडिएशन घेतलेलं असेल तर हाड भरून न येण्याची भीती राहते.

माझं मत विचाराल तर आधी तोंड किती उघडतं ते बघा. दोन बोटंही आत जात नसतील तर गोळ्याची कवळी घालता-काढता येणार नाही, मग फिजिओथेरपी आधी, बाकी सगळं नंतर. हात थरथरणाऱ्या माणसालाही रोजची काढघाल जड जाते.

मामांचे उजवीकडचे सहा दात चांगले होते आणि शुगर वर-खाली, म्हणून त्यांनी ऑब्च्युरेटरच ठेवला. भाकरी आमटीत कुस्करून उजव्या बाजूने खातात. शेंगदाणे मात्र मामी अजून कुटूनच देते.