नेक उघडू न देणाऱ्याकडून बेस घेऊ नका

जुनी बेस गिटार विकणाऱ्याचं एकच पालुपद होतं: ‘कारखान्यातून निघाल्यापासून हिचा एकही स्क्रू हललेला नाही. उघडलीत की ओरिजिनॅलिटी गेली.’ फेंडर या अमेरिकन कंपनीची ‘प्रिसिजन’ बेस गिटार, साल १९६४. मागच्या प्लेटवर ‘एल’ने सुरू होणारा नंबर, त्या काळाशी जुळणारा. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली. त्याआधीच्या वाद्यांना संग्राहक वेगळा भाव देतात. तोच भाव त्याने माझ्याकडून घेतला. घरी उघडल्यावर त्यात खरा निघाला फक्त नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा.

उघडल्याने ओरिजिनॅलिटी जाते ही शुद्ध थाप आहे. हा नेक चार स्क्रूंवरच बसवलेला असतो. त्या काळच्या प्रिसिजनमध्ये ट्रस रॉडचा, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या लोखंडी सळईचा, नट नेकच्या बॉडीकडच्या टोकाला असतो, म्हणजे रॉड नीट जुळवायचा तर बहुतेक वेळा नेक काढावाच लागतो. इतक्या वर्षांत तो कुणी काढलाच नाही, या दाव्याचाच संशय यायला हवा.

आधी तारा पूर्ण सैल करा. खाचेत घट्ट बसणाराच फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर खाच झिजते. कुठला स्क्रू कुठल्या भोकातला, ते लिहून ठेवा. जुनं लॅकर सांध्यात चिकटलेलं असतं. नेक ओढला तर रंगाचा पापुद्रा सोबत येतो. स्क्रू काढल्यावर नेक अगदी हलक्या हाताने हलवत सोडवा.

माझ्या नेकच्या बॉडीत बसणाऱ्या टोकावर रबरी शिक्का होता: ५, मार्च, ६४ आणि शेवटी एक अक्षर. ५ म्हणजे प्रिसिजन, अक्षर म्हणजे नटची (इथे नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) रुंदी. इथवर सगळं ठीक. पण नेक बसतो त्या खोबणीत, चार भोकांना अगदी खेटून, लाकडी खुंट्या ठोकून बुजवलेली जुनी भोकं होती आणि त्यावरून रंग फिरवलेला. कडेला एक टवका उडालेला, त्याखाली दुसराच रंग. ही बॉडी आधी वेगळ्याच नेकची होती. नंबराची प्लेट तर चार स्क्रूंनी कुठल्याही बॉडीवर चढते, तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मग पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरची पातळ संरक्षक पट्टी, उचलला. पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवर १३७७३३२. १३७ ही पॉट बनवणाऱ्या सीटीएस कंपनीची खूण, ७३ साल, ३२ वा आठवडा. पॉट नेकपेक्षा काही महिने जुना असणं साहजिक आहे. नऊ वर्षांनी नवा असेल तर तो मागाहून घातलेला. वायरही त्या काळच्यासारखी कापडी वेष्टणाची नव्हती, प्लास्टिकची होती. इथे फक्त फोटो काढा, सोल्डरला हात लावू नका. जुनं सोल्डर एकदा वितळवलं की पुरावाच संपला.

जोडताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यांत तो ‘टक्’ करून बसल्याचं बोटांना जाणवलं की मगच आवळा, नाहीतर लाकडात नवे आटे पडून पकड ढिली होते.

फोटो पाठवल्यावर विकणारा म्हणाला, ‘मला मिळाली तशीच विकली.’ त्यानंतर उत्तरच नाही. ‘सगळं ओरिजिनल’ हे त्याने फक्त तोंडी सांगितलं होतं. तेव्हा पैसे देण्याआधी नेकचं टोक, खोबणी आणि पॉटची पाठ यांचे फोटो मागा, प्रत्येकात त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. आणि कुठले भाग मूळचे, कुठले बदललेले, हे त्याच्याकडून लेखी घ्या.