आठ महिने वापरल्यावर: रेडिओ घेताना वॅट बघू नका, डबा बघा

आठ महिने झाले हा रेडिओ वापरतेय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, नवीन वस्तू सगळीच भारी वाटते.

याआधीचा माझा खिशात मावेल एवढा होता. खोक्यावर मोठ्ठे वॅट छापलेले, त्यालाच भुलले. आवाज मात्र नाकातून आल्यासारखा, तबला वाजतोय की कुणी डब्यावर बोटं आपटतंय तेच कळेना, आणि बास (खालचा, जाड आवाज) वाढवला की सरळ फाटायचा. एवढासा स्पीकर हवा ढकलून ढकलून किती ढकलणार? म्हणून यावेळी वॅट बघितलेच नाहीत, स्पीकर केवढा आणि त्यामागे डबा केवढा तेवढंच बघितलं. तीन इंची एकच स्पीकर, विटेपेक्षा जरा मोठी बॉडी. बास ठीकठाक आहे, खरी मजा आहे ती बोलण्याच्या आवाजात, बातम्या वाचणारा समोर बसून वाचतोय असं वाटतं.

घरात आधी शेल्फच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवला होता तर सगळं घुमायला लागलं, वीतभर पुढे ओढला आणि साफ झालं. उलट पहिल्यांदा बाहेर मोकळ्यावर नेला तेव्हा आवाज इतका पातळ की मला वाटलं स्पीकर गेला! गेला बिला काही नव्हता, बाहेर भिंती नाहीत त्यामुळे बास परतून येतच नाही. आता बाहेर गेले की एखाद्या भिंतीच्या पायथ्याशी ठेवते, बराच फरक पडतो.

रिसेप्शनचं सांगायचं तर एफएमला अँटेनाची दांडी पूर्ण ओढायची, आळस करायचा नाही. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास लहर साधारण ३ मीटरची असते, तिचा पाव भाग म्हणजे ७५ सेंटीमीटर, लांब दांडी उगाच दिलेली नसते. मीडियम वेव्हला मात्र त्या दांडीचा काही उपयोग नाही, त्याची अँटेना आत असते, फेराइटची (लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनलेल्या चुंबकीय पदार्थाची) कांडी, तिथे अख्खा रेडिओच फिरवायचा. मी महिनाभर दांडी ओढून ओढून वैतागत बसले होते 😅 शिवाय मीडियम वेव्हवर एक घर्रर्र असायची, दिवसा नाही फक्त संध्याकाळी. शेवटी एक एक बटण बंद करत गेले तर स्वयंपाकघरातला एलईडी बल्ब निघाला. तो बंद केला, रेडिओ थोडा आडवा फिरवला, आणि रात्री लांबलांबची स्टेशनं यायला लागली जी दिवसा औषधालाही सापडत नाहीत.

बॅटरी लिथियमची आहे आणि काढता येते, हे मला फार आवडलं, सेल म्हातारा झाला म्हणून रेडिओ टाकून द्यायला नको. खोक्यावर लिहिलेले तास हळू आवाजाचे असतात हे मात्र धरून चाला, बाहेर व्हॉल्यूम वाढवावाच लागतो, मला जेमतेम निम्मे मिळतात. चार्जिंगला लावून मीडियम वेव्ह ऐकायला गेलात तर शिट्टी ऐकाल.

तक्रारी दोन. डिजिटल ट्यूनिंगमुळे नॉब भराभर फिरवला की मधे आवाज तुटतो, जुन्या काट्याच्या रेडिओसारखं सर्रकन जाता येत नाही. दुसरी म्हणजे पाण्याचं. वस्तू पाण्याला किती टिकते ते आयपीएक्स नंबर सांगतो: आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतात, आयपीएक्स७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास, आणि माझ्याला यातलं काहीच नाही, ढग दिसले की पिशवीत गुंडाळून पळायचं. बाहेरच जास्त वापरणार असाल तर हे घ्यायच्या आधी बघा, मी नाही बघितलं. दांडी मुळाशी ढिली झालीये पण त्यात माझीच चूक, खुर्चीवरून पडला.

जुना छोटा अजून टाकला नाही. चालायला जाताना तोच खिशात असतो, इयरफोनची वायरच त्याची अँटेना, त्यामुळे खिशातही स्टेशन पकडतो, आणि कानात लावल्यावर स्पीकर कसा का असेना.