ताऱ्यांच्या रेषा: एकच लांब एक्स्पोजर की शेकडो छोटे फोटो?

ताऱ्यांच्या रेषा टिपायच्या दोन रीती आहेत. एक तर शटर तासभर उघडं ठेवून एकच फोटो घ्यायचा, नाहीतर 30-30 सेकंदांचे शंभर-सव्वाशे फोटो लागोपाठ काढून नंतर सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक चढवायचे, म्हणजे स्टॅकिंग करायचं. कॅमेरा डिजिटल असेल तर मी बहुतेकांना दुसरीच रीत सुचवेन.

मुख्य कारण प्रकाशाच्या हिशोबात आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारा ताशी 15 अंश सरकतो, म्हणून वाइड लेन्समधून एका पिक्सेलवर त्याचा प्रकाश काही सेकंदच पडतो. शटर कितीही वेळ उघडं ठेवा, रेष लांबते पण उजळत नाही. आकाशाचा उजेड मात्र त्याच पिक्सेलवर साठत राहतो आणि तासाभरात 30 सेकंदांच्या 120 पट होतो. जवळपास गावाचे दिवे असले की फोटो पांढराफटक! तो आवरायला एफ/2.8 (लेन्सचं मोठं छिद्र) आणि आयएसओ 800 (सेन्सरची जास्त संवेदनशीलता) सोडून छोट्या छिद्राच्या एफ/8 आणि कमी संवेदनशीलतेच्या आयएसओ 100 वर उतरावं, तर ताऱ्यांचा उजेडही 64 पटींनी कमी नोंदला जातो आणि अंधुक तारे दिसतच नाहीत. स्टॅकिंगच्या 'लाइटन' मोडमध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी सगळ्या फोटोंमधली सर्वांत उजळ नोंद उचलली जाते, बेरीज होत नाही. आकाश काळं राहतं, रेषा ठसठशीत येतात.

दुसरं कारण धोक्याचं. पन्नासाव्या मिनिटाला ट्रायपॉडला पाय लागला, तर एकच एक्स्पोजर पूर्ण वाया. छोट्या फोटोंमध्ये तोवरचे सगळे हाती राहतात. विमानाची रेघही त्या-त्या फोटोत काळ्या ब्रशने पुसता येते.

स्टॅकिंगची खरी अडचण म्हणजे खंड. दोन फोटोंमध्ये एका सेकंदाचं अंतर पडलं तर चिंता नको. 24 मिमी लेन्सवर तेवढ्यात तारा एक पिक्सेलसुद्धा सरकत नाही. पण कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले नको असलेले ठिपके, म्हणजे नॉइज, कमी करायची सोय) चालू राहिलं, तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ शटर बंद ठेवून काळा फोटो, म्हणजे डार्क फ्रेम, घेतो आणि रेषेचे तुकडे पडतात. ते आधी बंद करा. त्याऐवजी शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर पाच-सहा डार्क फ्रेम घ्या. उगाच चमकणारे ठिपके, म्हणजे हॉट पिक्सेल, त्यांनी निघतात. फोकस मॅन्युअल ठेवा, ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारा इंटरव्हॅलोमीटर लावा. तो नसेल तर कंटिन्युअस मोड आणि लॉक होणारा केबल रिमोटही चालतो. स्टॅकिंगसाठी स्टारस्टॅक्स हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

मग एकच लांब एक्स्पोजर कुणी घ्यावं? ज्याला शेकडो फाइल्स सांभाळायच्या नाहीत, आणि ज्याच्या वाट्याला खरोखर काळोखं आकाश, अमावास्येच्या आसपासची थंड रात्र आली आहे. थंडीत सेन्सर कमी तापतो, त्यामुळे नॉइजही कमी. पण नॉइज रिडक्शन चालू ठेवलं तर तासाच्या फोटोला आणखी एक तास जातो, तेव्हा बॅटरी पूर्ण चार्ज हवी.

दोन्हींच्या मधलीही वाट आहे: बल्ब मोडवर (हवा तितका वेळ शटर उघडं ठेवता येतं तो मोड) चार-चार मिनिटांचे पंधरा फोटो. फाइल्स कमी होतात आणि आकाशही फारसं धुवून जात नाही. चार मिनिटांत तारा 1 अंश सरकतो, म्हणजे हवी तेवढी लांब रेष मिळवायला किती फोटो लागतील, हा हिशोब तोंडी करता येतो.