केबल मोडेमवर राउटर चालत नसेल तर परत पाठवायच्या आधी हे वाचा (७ महिने वापरून)

जूनमध्ये घेतलेला हा राउटर, ७ महिने झाले. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, आमच्याकडे नेट टीव्हीच्याच काळ्या केबलमधून येतं, मोडेम केबलवाल्यानं दिलेला आणि त्याला लॅन पोर्ट (नेटची वायर लावायची जागा) एकच.

पहिले दोन दिवस नुसता मनस्ताप. मोडेमची वायर लॅपटॉपला लावली की नेट एकदम झकास, तीच वायर राउटरच्या वॅन पोर्टला (मोडेमकडून नेट आत घ्यायची जागा) लावली की काहीच नाही, वायफाय दिसतंय, फोन जोडला जातोय पण पेज उघडत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये बघितलं तर वॅन आयपी ०.०.०.०, म्हणजे राउटरला मोडेमकडून नेटचा पत्ताच मिळालेला नाही. पिन घालून तीनदा रीसेट मारला, वायर बदलली, शेवटी परत पाठवायला खोकं पण पॅक केलं. राउटरच्या कस्टमर केअरवाले म्हणाले लाइनमध्ये प्रॉब्लेम, केबलवाला म्हणाला लाइन ओके, राउटर बदला.

शेजारच्या काकांकडे सेम लाइन, त्यांच्या नव्या राउटरला पण हेच झालेलं, पण संध्याकाळी पावसात लाइट गेली आणि आल्यावर त्यांचं आपोआप सुरू झालं. आमचं नाही झालं. तिथं डोक्यात आलं की आमचा मोडेम इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आहे, तो कधी बंदच होत नाही!

तर होतं काय की बरेच केबल मोडेम चालू झाल्यावर पहिल्यांदा जे लावाल त्याचा मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख नंबर) धरून बसतात. आमच्यात आधी लॅपटॉप लावलेला, मग राउटर कितीही आयपी मागू दे, त्याला मिळणार नाही. म्हणून मोडेमची लाइटची पिनच काढायची, आत बॅटरी असेल तर ती पण काढायची, ५ मिनिटं थांबायचं, वायर राउटरच्या वॅनला लावायची, मग आधी मोडेम चालू करायचा, ऑनलाइनचा लाइट लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की मगच राउटर. मी एवढंच केलं आणि वॅन आयपी आला. तरी नाही झालं तर राउटरमध्ये मॅक क्लोन म्हणून असतं (राउटर दुसऱ्या उपकरणाचा मॅक स्वतःचा म्हणून दाखवतो), त्यात लॅपटॉपचा अ‍ॅड्रेस टाका. काही ठिकाणी अ‍ॅड्रेस केबलवाल्याकडेच नोंदवलेला असतो, तिथं क्लोन तरी करा नाहीतर त्याला फोन करून नवीन सांगा. आणि नंतर स्पीड बघायला म्हणून लॅपटॉप थेट मोडेमला लावू नका, आमच्या भावानं लावला आणि परत पहिल्यापासून सगळं.

ऑगस्टमध्ये वेगळंच सुरू झालं, पाऊस जोरात लागला की नेट तुटायचं. यावेळी राउटरला हात लावला नाही, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलं, बऱ्याच केबल मोडेमचं पेज तिथं उघडतं, तर डाउनस्ट्रीम पॉवर (केबलमधून मोडेमपर्यंत पोचणारा सिग्नल) उणे १३, म्हणजे बराच कमी. गच्चीवर जाऊन कनेक्टर उघडला तर मधली तांब्याची तार हिरवी पडलेली, आत पाण्याचा थेंब. या केबलला वेगळी पिन नसते, ती तारच पिन असते, त्यामुळं ती खराब म्हणजे सिग्नल गेलाच. केबलवाल्याला बोलावून टोक कापून नवा कनेक्टर बसवून घेतला, आणि टीव्हीसाठीचा दोन फाट्यांचा स्प्लिटर पण काढला (बंद पडलेल्या सेट टॉप बॉक्ससाठी होता, उगाच साडेतीन डेसिबल खात होता). आता उणे ६ दाखवतंय, नंतर पावसात एकदा पण तुटलं नाही.

राउटर म्हणून बोलायचं तर ५ गिगाहर्ट्‌झ हॉलमध्ये मस्त, वरच्या खोलीत जात नाही, तिथं २.४ वापरतो, चॅनेल ऑटोवरून काढून ११ वर ठेवलाय.

५ पैकी ४ स्टार. एक कापला कारण सोबतच्या पुस्तिकेत आधी मोडेम बंद करा एवढी एक ओळ पण नाही, ती असती तर बहिणीचे दोन दिवसांचे ऑनलाइन क्लास बुडाले नसते.