पुन्हा पाण्यात, की चेंबरमध्ये?

तारकर्लीला स्कूबा शिकून आलेल्या भाच्याने कोथरूडहून फोन केला, "मामा, वर आल्यावर सांधे दुखले तर परत खाली जायचं, की चेंबर गाठायचं?"

खोल पाण्यात शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे वर येताना बुडबुडे होतात आणि सांधे दुखतात, हाच डीकम्प्रेशन सिकनेस. चेंबर म्हणजे आतला दाब वाढवता येणारी बंद खोली. तत्त्व दोन्हीकडे एकच. दाब वाढवून नायट्रोजनचे बुडबुडे लहान करायचे, शुद्ध ऑक्सिजनने तो वायू शरीराबाहेर काढायचा. चेंबरमधला नेहमीचा उपचार १८ मीटर खोलीइतक्या दाबापासून सुरू होतो आणि पावणेपाच तास चालतो. पाण्यात साधारण ९ मीटरवरच थांबावं लागतं, कारण ऑक्सिजनमुळे झटके येऊ शकतात. चेंबरमध्ये झटका आला तर शेजारचा मदतनीस मास्क काढतो. पाण्यात माणूस बुडू शकतो. शिवाय थंडी, लाटा, आणि सलाईन लावायची सोय नाही.

पाण्याच्या बाजूने फक्त वेळ आहे, उपचार लगेच सुरू होतो.

आणखी एक, दुखत असताना गाडी काढून घरी निघू नकोस. पुणे सुमारे ५६० मीटर उंचावर आहे. घाट चढताना दाब घटतो, बुडबुडे फुगतात.

सुट्टीत डुबकी मारणाऱ्या तुझ्यासारख्याला चेंबरच, आणि तिथे पोचेपर्यंत आडवं पडून शुद्ध ऑक्सिजन. पाण्यातला उपाय चेंबरपासून फार दूर असलेल्या, पूर्ण चेहऱ्याचा मास्क आणि भरपूर ऑक्सिजन बाळगणाऱ्या प्रशिक्षित पथकांसाठी. तोही रुग्ण पूर्ण शुद्धीवर असेल तरच.