कॅल्शियम क्लोराइड: निर्जल घ्यायचं की डायहायड्रेट?

कोकणातल्या एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. जुलै महिना. स्टोअरच्या कपाटातून निर्जल कॅल्शियम क्लोराइडची अर्धा किलोची बाटली काढली, तर आत दाणे नव्हतेच. वर दोन बोटं चिकट पाणी आणि खाली दगड. मे महिन्यात कुणीतरी झाकण अर्धवट फिरवून ठेवलं होतं, बाकी काही नाही. हा पदार्थ हवेतलं पाणी नुसतं ओढत नाही, ओढलेल्या पाण्यात स्वतःच विरघळतो. हवेत साधारण 30 टक्क्यांच्या वर आर्द्रता असली की त्याला तेवढं पुरतं, आणि कोकणात पावसाळ्यात ती 80 च्या खाली क्वचितच येते.

तेव्हापासून ऑर्डर देण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: हे तोलून द्रावण करायचंय, की काही वाळवायचंय? तोलायचं असेल तर डायहायड्रेट, म्हणजे पाणी बांधलेला प्रकार. वाळवायचं असेल तर निर्जल. दोन्ही कामं असतील तर दोन बाटल्या घ्या. एकाच बाटलीत भागवायला गेलात तर दोन्ही कामं बिघडतात.

तोलण्याचं आधी बघू, कारण चुका तिथेच जास्त होतात. निर्जल कॅल्शियम क्लोराइडचा रेणुभार 110.98. डायहायड्रेटमध्ये प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू बांधलेले, म्हणून तो 147.01. म्हणजे डायहायड्रेटच्या वजनात साधारण 24.5 टक्के पाणीच. 0.1 मोलर (लिटरमागे 0.1 मोल) द्रावण एक लिटर करायचं तर निर्जल 11.1 ग्रॅम लागतं आणि डायहायड्रेट 14.7 ग्रॅम. प्रोटोकॉलमध्ये नुसतं ‘कॅल्शियम क्लोराइड’ लिहिलेलं असतं, विद्यार्थी हाताला लागेल ती बाटली उघडतो, 11.1 ग्रॅम डायहायड्रेट घालतो आणि द्रावण होतं 0.075 मोलर. पाव हिस्सा गायब. उलटं झालं तर 0.13.

मग निर्जलच तोलावं, गणित सोपं होईल, असं वाटतं. पण त्याचं वजन काट्यावरच वाढत जातं. बटर पेपरवर पाच ग्रॅम घ्या आणि तिसऱ्या दशांशाकडे बघत राहा. पावसाळ्यात तो आकडा स्थिर होतच नाही, आणि तुम्ही वहीत नोंद करेपर्यंत दाण्यांच्या कडा ओलसर चमकायला लागलेल्या असतात. जुन्या बाटलीतल्या निर्जलमध्ये आज किती पाणी आहे हे लेबल सांगू शकत नाही. डायहायड्रेटही ओल धरतो, पण त्याची सुरुवातच ठरावीक पाण्यापासून होते. नीट बंद बाटलीतला डायहायड्रेट वर्षभर भरवशाचा राहतो. सलाइनमधून द्यायचं 10 टक्के कॅल्शियम क्लोराइडचं इंजेक्शनसुद्धा डायहायड्रेटच्याच वजनावर मोजतात. (लॅबची बाटली त्या कामाला कधीच नाही. पनीर-चीजसाठीही नाही, तिथे फूड ग्रेडच हवा.)

अचूक संहती हवीच असेल तर दोन्हींवर विश्वास ठेवू नका. अंदाजे द्रावण करा आणि ईडीटीएने टायट्रेट करा, म्हणजे कॅल्शियमला पकडणारं हे रसायन थेंबाथेंबाने घालून त्यात कॅल्शियम किती आहे ते मोजा. किंवा वाळवलेलं शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट तोलून हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा. ते मुकाट्याने काट्यावर बसतं.

आता शुद्धतेचा आकडा. डायहायड्रेटच्या बाटलीवर 99 टक्के आणि निर्जलच्या बाटलीवर 96 टक्के दिसलं की लोक डायहायड्रेट ‘जास्त शुद्ध’ समजतात. तसं नाही. पहिला आकडा पाण्यासकट रेणूचा आहे, दुसरा पाणी वगळून. निर्जलमधल्या उरलेल्या चार टक्क्यांत बरंचसं पाणीच असू शकतं. खरी शुद्धता खालच्या बारीक अक्षरांत असते: लोह, मॅग्नेशियम, सल्फेट, जड धातू. हे क्षार येतात कुठून? सोडा अ‍ॅश (धुण्याचा सोडा) बनवायच्या सॉल्वे पद्धतीत मीठ आणि चुनखडी वापरतात, आणि कॅल्शियम क्लोराइड हे तिथलं उपउत्पादन. कच्च्या मालातलं थोडंफार मागे राहतंच.

बायोटेकवाल्यांनी हे बारीक अक्षर वाचलंच पाहिजे. ई. कोलाय या जिवाणूच्या पेशींना थंडगार कॅल्शियम क्लोराइडमध्ये ठेवलं की त्या बाहेरचा डीएनए आत घेतात, हे मँडेल आणि हिगा या शास्त्रज्ञांनी 1970 मध्ये दाखवलं. आजही कॉलेजात 0.1 मोलर द्रावण, बर्फ आणि 42 अंशांचा झटका हीच रीत आहे. त्यासाठी चांगल्या ग्रेडचा डायहायड्रेट घ्या आणि ती बाटली वेगळी ठेवा, केमिस्ट्रीवाल्यांचा चमचा तिच्यात जाऊ देऊ नका. सोडियम अल्जिनेटचे (समुद्री शेवाळातल्या चिकट पदार्थाचे) जेलीसारखे मणी करायला मात्र साधा एलआर (लॅबोरेटरी रिएजंट) ग्रेड पुरतो. 99.99 टक्क्यांचे निर्जल मणी सीलबंद काचेत मिळतात, पण ते अगदी कोरड्या, निष्क्रिय वायूखालच्या कामासाठी. गार्ड ट्यूबमध्ये (फ्लास्कच्या वर बसवून आत जाणारी हवा वाळवायच्या नळीत) ते भरणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

गार्ड ट्यूबला निर्जलच, आणि तोही दाणेदार. कॅटलॉगमध्ये ‘फ्यूज्ड’ (वितळवून घट्ट केलेला) लिहिलेला. कापसाच्या दोन बोळ्यांमध्ये तो सैल भरतात. भुकटी भरली तर ओली होऊन तिचा गच्च बूच होतो, हवेची वाट बंद पडते आणि खाली गरम फ्लास्कमध्ये दाब चढत जातो. मर्यादाही लक्षात ठेवा: अल्कोहोल, अमाइन आणि अमोनिया यांच्याशी तो स्वतःच जोडला जातो, म्हणून त्यांना वाळवायला चालत नाही. ईथर आणि हायड्रोकार्बनला उत्तम. डेसिकेटरमध्ये (वस्तू कोरड्या ठेवायच्या बंद भांड्यात) सिलिका जेल सोयीचं, ते 120 अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येतं. ओलं कॅल्शियम क्लोराइड पुन्हा निर्जल करायला 200 अंशांच्या वर जावं लागतं आणि भांड्याला ते सिमेंटसारखं चिकटतं.

हाताळणीत घाबरण्यासारखं फार नाही, पण निर्जलचा उष्मा कमी लेखू नका. 111 ग्रॅम एक लिटर पाण्यात टाकलं की पाणी सुमारे 20 अंशांनी तापतं. म्हणून पाण्यात थोडं थोडं घालायचं, ढवळत. आणि द्रावण गार झाल्यावरच पाणी खुणेपर्यंत भरायचं. डायहायड्रेटही तापतो, पण बराच कमी. (सहा पाण्यांचा भाऊ, म्हणजे हेक्झाहायड्रेट, विरघळताना उलट पाणी थंड करतो, आणि 30 अंशांच्या जवळ वितळतो. विदर्भात मे महिन्यात त्याची बाटली मागवणं म्हणजे पाणीच मागवणं.) घामट हातांवर निर्जलची धूळ चुरचुरते आणि डोळ्यांत गेली तर चांगलीच झोंबते, तेव्हा चष्मा आणि ग्लोव्हज हवेतच. काट्यावर सांडलेला दाणा लगेच ओल्या फडक्याने पुसा. रात्रभरात त्याचा थेंब होतो आणि काट्याच्या स्टीलच्या पारड्यावर गंजाचे ठिपके पाडतो.

बाटली उघडली की तारीख लिहा, झाकणावर पॅराफिल्म (ताणून बसवायची मेणासारखी पट्टी) गुंडाळा, आणि शक्यतो 500 ग्रॅमची एक न घेता 100 ग्रॅमच्या पाच घ्या. इतकं करूनही पाणी झालंच, तर ते ओतून देऊ नका. आमची ती जुलैतली बाटली पाणी घालून, गाळून, ईडीटीएने मोजून घेतली. एफवायच्या मुलांचे अल्जिनेट मणी त्या वर्षी तिच्यातच झाले.