द एक्सएक्स : पहिला अल्बम घ्यावा की दुसरा?

एकाच रेकॉर्डचे पैसे आहेत आणि ती ऑनलाइन मागवायची आहे, तर लंडनच्या ‘द एक्सएक्स’ या बँडचा २००९ चा पहिला अल्बम घ्यावा की २०१२ चा ‘कोएग्झिस्ट’?

दोन्हींत अकराच गाणी, दोन्ही चाळीस मिनिटांच्या आत संपतात. गाणारेही तेच, रोमी मॅडली क्रॉफ्ट आणि ऑलिव्हर सिम. मधे एक माणूस मात्र कमी झालं. गिटार आणि कीबोर्ड वाजवणारी बारिया कुरेशी पहिला अल्बम आला त्याच वर्षी बाहेर पडली. उरलेल्या तिघांनी तिच्या जागी कुणाला घेतलं नाही.

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या दुकानांत जाऊन बसलेल्यांना पहिला अल्बम लवकर कळेल. तार छेडायची आणि नाद विरेपर्यंत थांबायचं, हे तिथे रोजचं. या गिटारही तशाच. सूर मोजके, पण प्रत्येकाभोवती मोकळी जागा. ‘क्रिस्टलाइज्ड’मध्ये दोन आवाज शेवटी एकमेकांवर चढतात आणि गाणं दिवसभर डोक्यातून जात नाही. ब्रिटनमध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला दिला जाणारा मर्क्युरी पुरस्कार २०१० साली याच अल्बमला मिळाला.

दुसरा अल्बम त्यामानाने रिकामा वाटतो. मग तो बारिया गेली म्हणून का? मला तेवढंच कारण पुरेसं वाटत नाही. दोन्ही अल्बमचा निर्माता आणि बीट्स वाजवणारा जेमी स्मिथ मधल्या काळात डीजे म्हणून क्लबांत रमला होता. तिथलं नाचायला लावणारं, ठेक्याचं हाऊस संगीत ‘कोएग्झिस्ट’मध्ये शिरलं. ‘रियुनियन’मध्ये स्टीलपॅन हे कॅरिबियन पत्र्याचं वाद्य वाजतं, ‘स्वेप्ट अवे’ तर सरळ नाचाकडे झुकतं. उलट ‘एंजल्स’मध्ये ताल जवळजवळ नाहीच, आणि अख्ख्या अल्बममधलं सगळ्यात सुंदर गाणं तेच. जिथे ठेका जमून येतो तिथे मजा आहे. मधली दोन-तीन गाणी मात्र नुसती तरंगत राहतात. तरी इंग्लंडात विक्रीच्या यादीत पहिला नंबर याच अल्बमने मिळवला.

गाडीत ऐकायचं असेल तर प्रश्नच नाही, पहिलाच. सांगलीहून निघून पेठ नाक्याला हायवेला लागलात की ‘कोएग्झिस्ट’मधली शांतता ट्रकच्या आवाजात बुडून जाते. तो रात्री विश्रामबागेतली वर्दळ थांबल्यावर हेडफोन लावून ऐकायचा. (नुसतं भिंतीवर लावायला हवं असेल, तर पांढऱ्या कव्हरवरचा त्याचा रंगीत तवंगाचा एक्स जास्त देखणा!)

रेकॉर्ड पहिल्याची घ्या. दुसरा आधी मोबाइलवर ऐका, आणि ‘एंजल्स’नंतर पुढचं सगळं एका बैठकीत ऐकवलं तरच त्यात पैसे घाला.